वेगाचा लगाम कोणाच्या हाती?

२९ नोव्हेंबर २०२४ रोजी भंडाऱ्याहून गोंदियाकडे निघालेली शिवशाही बस सडक अर्जुनी तालुक्यातील डव्व्याजवळ, बिंद्रावनटोल्याच्या वळणावर उलटली. दहाहून अधिक प्रवासी प्राणांस मुकले. दुचाकीस्वारास वाचविताना चालकाचा ताबा सुटला, असे तेव्हा सांगण्यात आले. त्या रस्त्याने मी वर्षानुवर्षे ये-जा करीत आलो आहे. आता तेथे पोहोचलो की माझी नजर आपोआप वेगदर्शक काट्याकडे वळते.

वैद्यकाच्या दृष्टीने वेग हा मात्रेचा प्रश्न आहे. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर अंतर कापते. डोळ्यांनी धोका टिपून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एक-दीड सेकंद निघून जातो. धडकेत शरीर थांबते, पण मेंदू, यकृत, प्लीहा पुढे जातच राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, मोटारीची धडक ताशी ५० ऐवजी ६५ किलोमीटर वेगाने बसल्यास पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतील दहापैकी सात मृत्यूंमागे अतिवेग होता.

यावर यंत्राचा उपाय आहे. ऑक्टोबर २०१५ पासून नव्या बस-ट्रकना ताशी ८० किलोमीटरचे, तर शाळेच्या बस, डंपर व टँकर यांना ६० किलोमीटरचे वेगनियंत्रक बंधनकारक झाले. हे यंत्र ब्रेक लावत नाही. इंजिनाचे इंधन आवरते. मात्र त्याला वळण कळत नाही, गाव कळत नाही. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत असलेली प्रणाली कॅमेऱ्याने फलक वाचते, नकाशावरून त्या जागेची वेगमर्यादा जाणते आणि चालकास सावध करते किंवा वेग उतरविते. चालक तिला डावलू शकतो. जबाबदारी त्याचीच राहते.

आपल्या खासगी मोटारींना मात्र वेगनियंत्रकातून सूट आहे. जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत ८० च्या पुढे अधूनमधून व १२० च्या पुढे सतत वाजणारी सूचना तेवढी आहे. माझ्याही गाडीत ती वाजत असे आणि मी गाण्याचा आवाज वाढवीत असे, हे मान्य करण्यास मला आज लाज वाटते. रुग्णाला पथ्य सांगणारा मी स्वतः मात्र कुपथ्य करीत होतो.

वाचकहो, आपल्या मोटारीत वेगमर्यादा ठरवून ठेवण्याची सोय असेल, तर निघण्यापूर्वीच ती लावावी. नसेल, तर शेजारी बसलेल्याने ते काम करावे. धानाच्या हंगामात अंधारात मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली पुढे असते. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलपट्ट्यात एखादे हरीण अकस्मात आडवे येते. अशा ठिकाणी फलकावरील आकड्याहूनही कमी वेग हाच योग्य वेग होय.

घरी दहा मिनिटे उशिरा पोहोचलेल्या माणसावर मला कधी उपचार करावे लागलेले नाहीत.