पाण्यांत उभें राहण्याची किंमत

नदी सर्वांची असते असें म्हणणें सोपें आहे; तें कायद्यांत लिहून ठेवणें तितकें सोपें नाहीं. अमेरिकेंतील माँटाना राज्यानें तें १९८५ सालीं लिहून ठेविलें. त्या कायद्याप्रमाणें कांठची जमीन कोणाच्याहि मालकीची असो, नदीच्या सामान्य उच्च जलरेषेच्या आंत राहून तिचा उपभोग घेण्याचा, आणि परवाना काढून तिच्यांत मासे धरण्याचा, हक्क सर्वसामान्य माणसाला आहे. इंग्लंडमध्यें तशी स्थिति नाहीं. भरतीओहोटीच्या टापूपलीकडील नद्यांत मासे धरण्याचा हक्क तेथें बहुधा कांठाच्या मालकाचा असतो, आणि हँपशायरमधील टेस्ट नदीसारख्या नामांकित प्रवाहावर एक दिवस गळ टाकावयाचा म्हटलें तरी भारी शुल्क मोजावें लागतें. माँटानांतील पाणी मोकळें आहे. परंतु त्या मोकळ्या पाण्यांत उतरण्याचा जो पोशाख, त्याची किंमत सारखी चढत चालली आहे. तेव्हां कायद्यानें उघडलेलें दार दुकानांतील किंमतीच्या चिठ्ठीनें पुन्हां लोटलें जावयाचें काय, असा प्रश्न उभा राहतो.

या पोशाखाला 'वेडर' असें नांव आहे. पाण्यांतून चालणाऱ्याचा पोशाख एवढाच त्या शब्दाचा अर्थ. पायमोजे, विजार आणि छातीपर्यंत येणारा पुढचा भाग हीं सारीं जलाभेद्य कापडाचीं, एकमेकांस जोडून अखंड केलेलीं असतात आणि खांद्यावरील पट्ट्यांनीं तीं पेललीं जातात. महाराष्ट्रांतील शहरवासी कुटुंबांना ही वस्तु अपरिचित वाटावी हें साहजिकच आहे. कोंकणांतील खाडींत कमरभर पाण्यांत उभा राहून पाग फेंकणाऱ्याला अशा वस्त्राची गरज भासत नाहीं. तेथील पाणी ऊबदार असतें आणि भिजलेले पाय उन्हांत लौकर वाळतात. ट्राउट मासा मात्र थंड पाण्याचा रहिवासी आहे. सुमारें १० ते १६ अंश सेंटिग्रेडचें पाणी त्याला मानवतें, आणि वसंतांत बर्फ वितळूं लागलें म्हणजे डोंगरी नद्यांचें पाणी त्याहूनहि थंड असतें. पाणी हवेपेक्षां सुमारें २५ पट वेगानें शरीरांतील उष्णता ओढून नेतें. म्हणून ज्या थंडींत कांठावर साधा कोट पुरतो, त्याच थंडींत पाण्यांत उभें राहणाऱ्याचे पाय थोड्याच वेळांत बधिर होतात, स्नायू ताठरतात आणि निसरड्या गोट्यांवर तोल जाण्याचा धोका वाढतो. मासे धरणें हा छंद असला तरी वेडर ही केवळ शोभेची वस्तु नव्हे, हें यावरून ध्यानांत येईल.

असें वस्त्र तयार करण्याची धडपड जुनी आहे. १८२३ सालीं चार्ल्स मॅकिंटॉश यानें दोन कापडांमध्यें रबराचा थर घालण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. पण तें वस्त्र उन्हाळ्यांत चिकट आणि हिवाळ्यांत ताठर होई. रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याच्या कृतीचें अमेरिकन पेटंट चार्ल्स गुडइयर याला १८४४ सालीं मिळालें, आणि त्यानंतर रबराचे उंच बूट व विजारी खऱ्या अर्थानें उपयोगाच्या झाल्या. १९३० सालीं ड्यूपाँट कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनीं निओप्रीन नांवाचें कृत्रिम रबर शोधून काढलें. त्याच्या फेसाळ पत्र्यांत वायूचे सूक्ष्म बुडबुडे कोंडलेले असल्यामुळें तें अंगाची ऊब धरून ठेवतें.

या सर्व वस्त्रांत एक दोष सामाईक होता. जें कापड बाहेरचें पाणी आंत येऊं देत नव्हतें तें आंतला घामहि बाहेर जाऊं देत नव्हतें. दोनचार मैल चालून नदी गांठणारा मनुष्य पाण्यांत उतरण्यापूर्वींच आंतून ओला झालेला असे. या अडचणींतून सुटण्याचा मार्ग १९६९ सालीं बॉब गोर या अमेरिकन संशोधकाला सांपडला. टेफ्लॉन ज्या द्रव्याचें असतें त्या द्रव्याची तापविलेली कांब तो हळूहळू ताणूं पाही आणि ती तुटे. अखेर त्यानें ती एकदम झटक्यानें ओढली, आणि ती न तुटतां मूळच्या कित्येक पट लांब झाली. अशा ताणलेल्या द्रव्याच्या पडद्याला अगणित छिद्रें असतात. कंपनीच्या सांगण्याप्रमाणें एका चौरस इंचांत तीं सुमारें ९ अब्ज भरतात. त्यांतील प्रत्येक छिद्र पाण्याच्या थेंबाहून सुमारें २०,००० पट लहान, परंतु वाफेच्या रेणूहून सुमारें ७०० पट मोठें असतें. थेंब अडतो आणि वाफ निसटते. १९७६ पासून हें कापड गोर-टेक्स या नांवानें बाजारांत आलें आणि १९९० नंतरच्या दशकांत त्याचे वेडर रूढ झाले. किंमतींची चढती पायरीहि तेथूनच सुरू झाली.

ती पायरी चढती कां राहिली, याचें पहिलें कारण त्या वस्त्राकडून अपेक्षिलेल्या कामांत आहे. पावसाचा कोट वरून पडणाऱ्या थेंबांना अडवितो. वेडर तासन् तास पाण्याच्या दाबाखालीं असतो. एक मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारें १०० ग्रॅम इतका जादा दाब पडतो. त्यांतच गुडघे वांकतात, मांड्या एकमेकींवर घांसतात, कांठच्या कांटेरी झुडपांत कापड अडकतें. म्हणून कापडाचे तीन-चार थर एकत्र चिकटवावे लागतात, आणि प्रत्येक शिवणीवर आंतून चिकटपट्टी तापवून बसवावी लागते. सुईनें पाडलेलें एकहि छिद्र उघडें राहून चालत नाहीं. पाय आणि मांड्या जेथें मिळतात तेथील गोलाई साधण्यासाठीं कसबी हात लागतात, आणि अशा हातांची मजुरी सर्वत्र वाढली आहे. पुढच्या बाजूला जलाभेद्य सांखळी, म्हणजे झिप, बसविली कीं किंमत आणखी वाढते.

दुसरीं कारणें काळानें आणलेलीं आहेत. २०२० च्या साथींत घरांत कोंडलेले लोक मोठ्या संख्येनें नदीकडे वळले आणि मागणी वाढली. पाठोपाठ महागाई आली. जून २०२२ मध्यें अमेरिकेंतील महागाईचा वार्षिक दर ९.१ टक्क्यांवर पोंचला होता. २०२५ सालीं तेथील सरकारनें परदेशी मालावरील जकात पुष्कळ वाढविली, आणि स्वस्त वेडरांपैकीं बहुतेक आशियांतील कारखान्यांतून येत असल्यानें त्याची झळ स्वस्त मालालाच अधिक पोंचली. शिवाय, पाणी झटकून टाकण्यासाठीं जीं फ्लुओरीनयुक्त रसायनें वापरीत तीं निसर्गांत वर्षानुवर्षें नाश पावत नाहींत असें दिसून आल्यावर त्यांवर निर्बंध आले. कॅलिफोर्निया राज्यानें १ जानेवारी २०२५ पासून नव्या कपड्यांत अशीं रसायनें हेतुपुरस्सर घालण्यास बंदी केली. अतिशय ओल्या हवामानासाठीं केलेल्या खास पोशाखांना मात्र २०२८ पर्यंत मुदत दिली. नवीं द्रव्यें शोधण्याचा खर्चहि शेवटीं गिऱ्हाइकाच्याच माथीं येतो.

याचा परिणाम असा कीं, उत्तम प्रतीच्या वेडरला आज ८०० डॉलर किंवा त्याहून अधिक पडतात. वेडरच्या पायाला नुसता मोजा असेल तर वरून घालावयाचे बूट निराळे घ्यावे लागतात, आणि त्यांचेच १०० ते २५० डॉलर होतात. उलट पी.व्ही.सी.चा थर दिलेला साधा नायलॉनचा वेडर ५० ते १०० डॉलरांत मिळतो. या दोन टोंकांमध्यें योग्य निवड करावयाची तर कोणता वेडर सर्वांत चांगला हें विचारून भागत नाहीं. वर्षांतून किती दिवस, किती थंड पाण्यांत आणि किती चालून, हे तीन प्रश्न आधीं सोडविले पाहिजेत.

पहिल्या प्रश्नाचा हिशेब एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, एका कारकुनाला वर्षांत १० दिवस नदीवर जातां येतें. ९० डॉलरचा वेडर ३० दिवस टिकतो असें धरलें तर तो त्याला तीन वर्षें पुरेल आणि दिवसाचा खर्च ३ डॉलर पडेल. ८०० डॉलरचा वेडर त्यानें ८ वर्षें वापरला तरी दिवसाला १० डॉलर होतात. तो आणखी कितीहि वर्षें चालेल असें मानणें चुकीचें ठरेल, कारण चिकटद्रव्य आणि पडदा हे वापरानें झिजतात तसे वयानेंहि जीर्ण होतात. आतां वर्षांत १२० दिवस पाण्यांत उभा राहणारा धंदेवाईक वाटाड्या घ्या. त्याला स्वस्त वेडर वर्षाला चार लागतील, म्हणजे त्याचाहि खर्च दिवसाला ३ डॉलर. परंतु महाग वेडर तीन वर्षें चालला तर दिवसाला सव्वादोन डॉलरहि पडत नाहींत. महाग वस्तु वाटाड्याला स्वस्त पडते आणि कारकुनाला महाग. दुकानदाराच्या तोंडून 'चांगली वस्तु शेवटीं स्वस्तच पडते' हें वचन ऐकतांना हा भेद विसरतां कामा नये.

दुसरा प्रश्न पाण्याच्या थंडीचा. भर उन्हाळ्यांत, पाणी सोसण्याजोगें असेल तेव्हां, पुष्कळ अनुभवी मासेमार वेडर घालीतच नाहींत. लौकर वाळणारी विजार, लोंकरीचे मोजे आणि पकड असलेले बूट घालून ते सरळ पाण्यांत उतरतात. कोंकणांतील पागवाला जें सहज करतो तेंच हें. येथें सुती कपडे मात्र टाळावे, कारण सूत ओल धरून ठेवतें. लहान ओढ्यांवर मांडीपर्यंत येणारे रबरी बूट पुरतात. हिवाळ्यांत एका जागीं उभें राहून मासे धरणाऱ्याला निओप्रीन उपयोगी पडतें. तें श्वास घेत नाहीं, पण न चालणाऱ्याला घामाचा त्रास थोडा होतो. श्वास घेणाऱ्या कापडाची खरी किंमत वसूल होते ती पुष्कळ चालणाऱ्याला, आणि तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर तेंच आहे. त्यांतहि १५० ते २५० डॉलरांचे साधे वेडर मिळतात. हंगामाच्या अखेरीस दुकानें गेल्या वर्षाचा माल कमी किंमतींत काढतात. रंग जुना म्हणून पाणी आंत शिरत नाहीं.

कांहीं बाबतींत मात्र काटकसर करूं नये. त्यांत पहिला कमरपट्टा. पाण्यानें भरलेला वेडर माणसाला तळाशीं ओढतो, ही समजूत खरी नाहीं. पाण्यांत पाण्याला वजन नसतें. ली वुल्फ या विख्यात अमेरिकन मत्स्यविलासी लेखकानें वेडर घालून पुलावरून नदींत उडी घेतली आणि पोहून दाखवून ही समजूत खोडून काढली. खरा धोका निराळा आहे. पाण्यानें भरलेल्या वेडरला प्रवाह ढकलीत नेतो, त्यांत पोहणें जड जातें, आणि बाहेर चढतांना आंतील प्रत्येक लिटर पाणी एक किलोग्रॅम वजनाचें होतें. छातीखालीं घट्ट आवळलेला पट्टा हें पाणी आंत शिरण्यास अटकाव करतो. त्याला फारसा पैसा पडत नाहीं, आणि वेडर ५० डॉलरचा असो वा ८०० चा, तो बांधल्यावांचून पाण्यांत उतरूं नये.

दुसरी बाब तळव्याची. नमद्याचा तळ शेवाळलेल्या दगडांवर चांगला धरतो. परंतु तो ओलाच राहत असल्यानें त्यांतून उपद्रवी शेवाळें आणि सूक्ष्म जीव एका नदींतून दुसऱ्या नदींत जातात. या कारणास्तव न्यूझीलंडनें २००८ सालीं आणि यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानानें २०१८ सालीं नमद्याच्या तळांना बंदी केली. तेव्हां स्वस्त मिळाले म्हणून नमद्याचे जुने बूट घेण्यापूर्वीं जेथें जावयाचें तेथील नियम पाहून घ्यावा. धातूचे खिळे बसविलेला रबरी तळ हा त्यांतला मार्ग. तिसरी बाब मापाची. वेडर घट्ट असला कीं गुडघा वांकवितांना शिवणीवर ताण पडतो आणि ती आधीं फाटते.

राहिली निगा. पैसा वांचविण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय हाच, आणि बहुतेक लोक नेमका त्याचाच कंटाळा करतात. घरीं आल्यावर वेडर आंतून व बाहेरून पूर्ण वाळवून सावलींत टांगून ठेवावा. घडी घालून ओला कोंबलेला वेडर घडीवरच फुटतो. ऊन आणि विजेच्या मोटारीपासून निघणारा ओझोन वायु यांनीं रबराला भेगा पडतात. बारीक छिद्र शोधावयाचें तर श्वास घेणारा वेडर उलटा करून आंतल्या बाजूवर आयसोप्रोपिल अल्कोहोल शिंपडावें. जेथें छिद्र असेल तेथें काळसर ठिपका उमटतो. इतर कापडाचा वेडर अंधाऱ्या खोलींत नेऊन आंत दिवा धरला असतां छिद्रांतून उजेड दिसतो. त्यावर युरेथेनच्या डिंकाचा थेंब लावून रात्रभर सुकूं दिला कीं काम झालें. कित्येक वेडर केवळ अशा एका थेंबाअभावीं टाकून दिले जातात, आणि मग नव्या वेडरच्या किंमतीविषयीं तक्रार सुरू होते.

जे मासे धरावयाचे ते पुष्कळदां कांठाजवळच्या गुडघाभर पाण्यांतच असतात. छातीइतक्या पाण्यांत जाण्याची हौस ज्याला आवरतां येते, त्याचा वेडरवरचा खर्चहि आवरतो आणि जीवहि सुरक्षित राहतो. कायद्यानें मोकळें ठेविलेलें पाणी गरिबालाहि मोकळें राहण्यास एवढें पुरेसें आहे.