डीमार्टात खरं स्वस्त काय, ते असं ओळखा

महिन्याचं सामान भरताना एक सवय लावून घ्याच: पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायची. एमआरपीजवळ दर ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा भाव छापलेला असतो, किलोहून मोठ्या पाकिटावर दर किलोचा. फार उपयोगी माहिती आहे ही! पण हा भाव एमआरपीवरून काढलेला असतो, दुकानाने दिलेल्या सवलतीवरून नाही. म्हणून शेल्फवरची किंमत बघून मोबाइलवर भागाकार करा. समजा, कपड्यांची पावडर एक किलो ११० रुपयांना आणि चार किलोची पिशवी ४६० ला आहे. मोठी पिशवी किलोमागे ५ रुपयांनी महाग पडली. 'फॅमिली पॅक' दिसला की हात आपोआप तिकडे जातो, तेव्हा हे आठवा.

२००२ साली पवईत सुरू झालेल्या या साखळीची बरीच दुकानं स्वतःच्या जागेत आहेत. भाडं वाचतं, म्हणून रोजच्या वस्तूंचे भाव कमी ठेवता येतात.

माझा आवडता विभाग भांड्यांचा. इंडक्शनसाठी कढई घ्यायची असेल तर छोटं लोहचुंबक सोबत न्या. बुडाला घट्ट चिकटलं तरच घ्या. प्लास्टिकच्या डब्याच्या तळाशी त्रिकोणात ५ आकडा असेल तर तो पॉलिप्रॉपिलीनचा, उष्णता बऱ्यापैकी सोसणारा. कुकरवर आयएसआय चिन्ह हवंच, तिथे तडजोड नको.

आणि बिस्किटं, मसाले 'एकावर एक फ्री' असतील तर दोन्ही पाकिटांवरची तारीख वेगवेगळी तपासा.