ठोशास ठोसा

समोरचा चिखल फेकू लागला तर आपणही हातात चिखल घ्यावा की नाही, हा वाद निवडणुका आल्या की प्रत्येक कट्ट्यावर रंगतो. बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : "गप्प बसलात तर नेभळट ठराल!" आणि पुरावा म्हणून एक नाव हटकून पुढे येते, आचार्य अत्र्यांचे. तेव्हा मीही त्यांचीच साक्ष काढतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कुरापत अत्र्यांची नव्हती. २० नोव्हेंबर १९५५ रोजी चौपाटीच्या सभेत स. का. पाटलांनी पाच हजार वर्षे मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, असे बजावले. मोरारजी देसाईंनीही तोच सूर लावला. लोकांनी सभा उधळली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा झाला. त्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे गेली. अशा घरी समजुतीची भाषा घेऊन कोण जाणार? १५ नोव्हेंबर १९५६ रोजी 'मराठा' निघाला आणि अत्र्यांनी या दोघांचा जो उद्धार केला, त्याचे नमुने सणासुदीच्या अंकात न दिलेलेच बरे! पण त्या शिवीगाळीत हशा होता. मार खाल्लेल्या माणसाला हसवून पुन्हा ताठ उभे करणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. (हल्लीच्या वक्त्यांनी अत्र्यांचा राग तेवढा उचलला, विनोद मात्र तिथेच राहिला.)

गुण आला का? आला. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. पण विदर्भ-मराठवाड्यात ती तगली आणि ३९६ पैकी २३४ जागा घेऊन राज्यही तिचेच राहिले. तोफ एकच होती. जिथे घाव ताजा होता तिथे लोक तिच्या आवाजाने पेटून उठले, बाकीच्यांचे नुसते कान बधिर झाले, असे मला वाटते.

पुढे तर गंमतच झाली. द्वैभाषिकाचे मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. तोफेचे तोंड त्यांच्याकडे वळले. मोरारजींवर चेंडू मारला की तो भिंतीवर आपटून दुप्पट वेगाने परत यायचा, खेळ रंगायचा. यशवंतराव म्हणजे कापसाचा ढीग! त्यांनी त्या भाषेत उत्तर दिलेच नाही. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरू प्रतापगडावर आले, तेव्हा समितीची हजारो माणसे काळी निशाणे घेऊन वाटेवर उभी होती. तो मोर्चा शांततेने पार पडला. दिल्लीला विचार करायला लावले ते सगळ्या अग्रलेखांपेक्षा त्या शिस्तीच्या गर्दीने, असे माझे मत आहे. कोणी वाद घालणार असेल तर मी तयार आहे.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. त्याचे श्रेय एकट्या यशवंतरावांच्या गोड जिभेला देणारे लोक मला भेटतात. त्यांना मी विचारतो, की १९५७ चा तडाखा बसला नसता तर दिल्लीने ती जीभ ऐकली असती काय? पण १९६२ ची निवडणूक आली तेव्हा घाव बुजला होता, मागणी पुरी झाली होती आणि समिती फुटली होती. काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. 'मराठा'ची तोफ तेव्हाही धडाडतच होती.