जुनी भिंगे, नवे कॅमेरे

फिल्मचा जमाना सरला म्हणून तिच्याबरोबर भिंगेही निकालात काढावी, हा न्याय बरोबर नाही. भिंगाचे काम प्रकाशकिरण एकत्र आणून प्रतिमा उमटविण्याचे. ती फिल्मवर पडते की डिजिटल संवेदकावर, त्याच्याशी भिंगाला कर्तव्य नाही.

मग अडचण येते कोठे? ती अंतरात. जुन्या पेंटॅक्सचे आट्याचे भिंग दूरच्या वस्तूची प्रतिमा आपल्या बैठकीमागे ४५.४६ मिलिमीटरवर स्पष्ट उमटविते. सोनीच्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात हे अंतर अवघे १८ मिलिमीटर. तेव्हा उरलेल्या २७.४६ मिलिमीटर लांबीचे पोकळ कडे मध्ये बसविले की काम झाले. उलट निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यात मुळातच ४६.५ मिलिमीटर अंतर असते. तेथे हेच भिंग बसविले, तर जवळचा चेहरा स्पष्ट येईल, पण दूरचा डोंगर धूसरच राहील. कारण भिंग आणखी मागे न्यायला जागाच नसते.

आणखी एक गोष्ट. संवेदक फिल्मच्या चौकटीहून लहान असेल, तर प्रतिमेचा मधला भागच त्यावर पडतो. दीडपट लहान संवेदकावर ५० मिलिमीटरचे भिंग ७५ चे दृश्य दाखविते. शिवाय स्पष्टता आणि छिद्र, दोन्ही हातानेच साधावी लागतात.

आपल्या दमट पावसाळ्यात भिंगाचा खरा शत्रू वय नव्हे, बुरशी. म्हणून माळ्यावरचे भिंग भंगारात घालण्यापूर्वी एकदा उजेडाकडे धरून पाहावे. काच निर्मळ असेल, तर त्याचे आयुष्य अजून संपलेले नाही.