शोभतं की मानवतं?

‘या वयात हे शोभतं का?’ हा प्रश्न साठी ओलांडलेल्यांना हमखास ऐकावा लागतो. गडद रंगाची साडी, फुलाफुलांचा शर्ट, ठसठशीत टिकली, न रंगवलेले पांढरे केस, निमित्त कोणतंही चालतं. प्रश्न कपड्यांचा वाटला, तरी त्याचा संबंध आरोग्याशी आहे.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात पन्नाशीपुढच्या ६६० जणांचा अभ्यास झाला होता. मानसशास्त्रज्ञ बेका लेव्ही आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. स्वतःच्या वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेनं पाहणारे लोक इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं अधिक जगले. आवडीचे कपडे घातले की आयुष्य वाढतं, असा याचा अर्थ नव्हे. पण ‘आता आपलं काय राहिलंय’ ही भावना मनात रुजणं तब्येतीला चांगलं नाही, हे त्यातून दिसतं. रोज टापटीप राहणाऱ्या माणसानं अचानक दाढी करणं, केस विंचरणं सोडलं, तेच कपडे दिवसेंदिवस अंगावर ठेवले, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये. ते नैराश्याचं किंवा स्मृतिभ्रंशाचं लक्षण असू शकतं.

आवड तीच राहिली, तरी शरीर बदलतं. त्वचा पातळ आणि कोरडी होते, म्हणून जाडाभरडा किंवा लोकरी कपडा टोचतो. अशा वेळी आत मऊ सुती कपडा घालावा. डोळ्यांतलं भिंग पिवळसर होत गेल्यानं काळा आणि गडद निळा यांतला फरक लवकर कळत नाही. कपाटात चांगला उजेड असला, तर रंग निवडणं सोपं जातं. सांधेदुखीमुळे बोटं वळत नसतील, तर ब्लाउजचे हुक पुढे घ्यावेत, शर्टाच्या बटणांमागे वेल्क्रो लावून घ्यावं. पाठीमागून घसरणाऱ्या सपाता मात्र टाळाव्यात. टाच धरून ठेवणारी, न घसरणाऱ्या तळव्याची पादत्राणं पडण्याचा धोका कमी करतात.

केस रंगवायचे की नाहीत, हे ज्याचं त्यानं ठरवावं. काळ्या रंगांत बहुधा पीपीडी हे रसायन असतं आणि काहींना त्याची तीव्र ॲलर्जी होते. झटपट काळी होणाऱ्या ‘काळ्या मेंदी’तही ते असू शकतं. वर्षानुवर्षं त्रास न झालेल्यालाही पुढे कधी ॲलर्जी होऊ शकते. म्हणून रंग लावण्याच्या ४८ तास आधी कानामागे थोडासा लावून पाहावा. टिकलीच्या डिंकातल्या काही रसायनांमुळे कपाळावर पांढरा डाग पडतो. डाग दिसताच टिकली थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. हौस असेल, तर कुंकवाचा पर्याय आहे, पण तेही भेसळीचं नसावं.

परकराच्या नाडीकडे तर बहुतेकींचं लक्षच जात नाही. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्क स्त्रियांची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकात मांडली. कमरेला वर्षानुवर्षं घट्ट कपडा बांधल्यानं झालेल्या न भरणाऱ्या जखमेत दोघींनाही त्वचेचा कर्करोग झाला होता. असं क्वचितच घडतं. तरी नाडीऐवजी रुंद पट्टा वापरावा आणि कमरेवरची जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही, तर तपासून घ्यावी. त्यासाठी साडी सोडायची गरज नाही.

काहींची आवड वयानं नव्हे, रूढीनं हिरावली जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथांविरुद्ध ठराव केला. आयुष्यभर जे अंगावर ल्यायलं, ते एका दिवसात काढून घेतलं की माणूस जोडीदारासोबत स्वतःची ओळखही गमावतो.

घरातल्यांनी एवढं जपावं: आजी-आजोबांचे कपडे परस्पर ठरवू नयेत. स्मृतिभ्रंश असला, तरी दोन कपडे समोर धरून ‘यातला कोणता हवा?’ असं विचारता येतं. कपडा शरीराला मानवतो की नाही, हे डॉक्टर सांगतील. तो शोभतो की नाही, हे घालणाऱ्यालाच ठरवू द्यावं.