घरचे बायोडिझेल : बचत किती, जोखीम किती?

डिझेलचा भाव वाढला की त्याची झळ कुरखेड्यासारख्या गावाला लवकर लागते. रेल्वे गाठायची तर देसाईगंज, जिल्ह्याचे काम असेल तर गडचिरोली. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर, मालवाहू गाडी किंवा धान मळणीचे यंत्र आहे, त्यांच्या कमाईतला मोठा वाटा टाकीत जातो. अशा वेळी मोबाइलवर एखादा व्हिडिओ येतो, "तळणीच्या तेलापासून घरीच डिझेल बनवा!" आणि घरातला तरुण मुलगा म्हणतो, "अब्बा, आपणही करून पाहू या का?"

वर्गात मुलेही हाच प्रश्न विचारतात. त्याचे उत्तर नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण यात घराचा पैसा, गाडी आणि मुलांचा जीव या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत.

कल्पना जुनी, शास्त्र खरे

जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्यांदा स्वतःच्या जोरावर फिरले. म्हणून १० ऑगस्ट हा जागतिक जैवइंधन दिवस मानला जातो. पुढे १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. वनस्पती तेलावर इंजिन चालते, ही गोष्ट तेव्हापासून सिद्ध आहे.

पण तेल सरळ टाकीत ओतले तर ते घट्ट असल्यामुळे नीट फवारले जात नाही. इंजेक्टर चोंदतात, पिस्टनच्या रिंगांवर चिकट थर बसतो. म्हणून तेल आधी पातळ करावे लागते. एक लिटर ताज्या तेलाला साधारण २०० मिलीलिटर मिथेनॉल आणि साडेतीन ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. ५५ अंशांच्या आसपास हे मिश्रण ढवळले की तेलाचे दोन भाग होतात. वर बायोडिझेल तरंगते, खाली ग्लिसरीन बसते. मग वरचे इंधन पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करायचे.

वाचायला सोपे वाटते. अडचण तेलाच्या आम्लतेत आहे. वारंवार तापवलेले तेल आंबट होते, त्यात पाणीही असते. मोहाच्या आणि करंजाच्या तेलात, विशेषतः बिया जुन्या असतील तर, आम्लता बरीच असते. अशा तेलात ठरलेल्या मापाने सोडा टाकला तर इंधनाऐवजी साबणाचा लगदा हाती येतो. दर खेपेला आम्लता मोजावी लागते, आणि ती फार असेल तर आधी गंधकाम्लाची वेगळी प्रक्रिया करावी लागते.

घरचा हिशेब

पहिली गोष्ट, बायोडिझेल फक्त डिझेल इंजिनात चालते. आपल्या बहुतेक घरांत मोटारसायकल किंवा स्कूटी असते. ती पेट्रोलवर चालते, तिला याचा काहीही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट तेलाच्या मापाची. समजा, एका घरात महिन्याला अर्धा लिटर तळणीचे तेल उरते. रमजानमध्ये भजी-समोशांमुळे थोडे जास्त धरू. तरी वर्षाचे सहा-सात लिटर होते. नांगरटीला लागलेला ट्रॅक्टर तासाला चार-पाच लिटर डिझेल सहज पितो. म्हणजे वर्षभराची साठवण तास-दीड तासात संपणार! वर मिथेनॉल, सोडा, सरपण यांचा खर्च आहेच. बायोडिझेलमध्ये ऊर्जाही साध्या डिझेलपेक्षा थोडी कमी असते. तेल विकत आणून करायचे ठरवले, तर खाण्याच्या तेलाचा भाव पाहताच बेत रद्द होतो.

करंजाच्या बिया आपल्याकडे मिळतात. पण घाणीवर एक लिटर तेल काढायला सुमारे चार किलो बिया लागतात. त्या वेचणे, सोलणे, वाळवणे यांची मजुरीही हिशेबात धरली पाहिजे.

मिथेनॉल म्हणजे विष

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. मिथेनॉल दिसायला पाण्यासारखे असते. त्याचे दहा मिलीलिटर, म्हणजे दोन छोटे चमचे, पोटात गेले तरी डोळे कायमचे जाऊ शकतात. थोडे अधिक गेले तर जीव जातो. ते वाफेतून आणि त्वचेतूनही शरीरात शिरते. त्याची ज्योत उजेडात जवळपास दिसत नाही, त्यामुळे आग लागल्याचे उशिरा कळते. ज्या घरात चूल पेटते, मुले खेळतात आणि बाटल्या एकाच फळीवर ठेवल्या जातात, त्या घरात ही वस्तू आणू नये.

जिथे जमले, तिथे कसे जमले?

ओडिशाच्या गंजाम आणि गजपती जिल्ह्यांतील काही आदिवासी खेड्यांत 'ग्राम विकास' या संस्थेच्या साथीने हा प्रयोग झाला. सायकलसारखे पायडल मारून ढवळायचे छोटे यंत्र बनवले गेले. करंज, मोह अशा तेलबियांपासून तयार झालेल्या इंधनावर गावाचा पाण्याचा पंप चालला. पेंड खत म्हणून शेतात गेली. गाड्यांसाठी इंधन करण्याचा तिथे हेतूच नव्हता.

आणखी जवळचे उदाहरण जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले, म्हणजे चंद्रपूरला लागून असलेल्या मुलखातले आहे. पॉवरगुडा गावच्या गोंड महिलांच्या बचत गटांनी करंजाची झाडे लावली, तेलाची घाणी चालवली. डिझेलऐवजी करंज तेल वापरल्याने जो धूर वाचणार होता, त्या १४७ टनांबद्दल ऑक्टोबर २००३ मध्ये जागतिक बँकेने त्यांना ६४५ डॉलर दिले.

दोन्ही ठिकाणी बिया गावच्या होत्या, काम सामूहिक होते आणि जाणकार माणूस सोबत होता.

आपण काय करावे?

तळणीचे तेल पुन्हा पुन्हा वापरू नये. त्यातील घातक घटक २५ टक्क्यांपुढे गेले की ते खाण्यास अयोग्य, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. असे तेल मोरीतही ओतू नये, नाली तुंबते. हॉटेल, भजी-समोशाचे दुकान किंवा लग्नाच्या स्वयंपाकाचे काम असेल, तर उरलेले तेल डब्यात साठवून अधिकृत गोळा करणाऱ्याकडे द्यावे. त्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची 'रुको' ही योजना २०१८ पासून आहे. तेच तेल कारखान्यात जाऊन तपासलेले बायोडिझेल बनते.

गावात करंज भरपूर असेल तर बचत गट किंवा ग्रामसभेने एखाद्या विज्ञान महाविद्यालयाची मदत घेऊन पाण्याच्या पंपासाठी लहान प्रयोग करावा. नव्या गाडीत मात्र घरचे इंधन घालू नये. इंजेक्टर पंप बिघडला तर वॉरंटी मिळत नाही, आणि त्याच्या दुरुस्तीत कित्येक महिन्यांची बचत जाते.

डिझेल आजच वाचवायचे असेल तर चाकांत हवा योग्य ठेवा, एअर फिल्टर वेळेवर साफ करा, उभी गाडी बंद करा आणि देसाईगंजची खेप शेजाऱ्यांसोबत मिळून करा. यासाठी विषाची बाटली घरात आणावी लागत नाही.