ट्रुडोंचे पंधरा ससे

१८८६च्या जूनमध्ये न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, ॲडिरॉन्डॅक डोंगरांतल्या एका छोट्या बेटावर पाच ससे मोकळे सोडण्यात आले. पाचही जणांना क्षयाचे जंतू टोचलेले. तसेच टोचलेले आणखी पाच ससे अंधाऱ्या तळघरात, लहान खोक्यात, अर्धपोटी कोंडले होते. उरलेल्या पाचांना जंतू टोचले नव्हते, पण त्यांची रवानगी झाली दहा फूट खोल खड्ड्यात. वर फळ्या, फळ्यांवर माती आणि खायला रोज एक लहानसा बटाटा.

हा सगळा खटाटोप करणारे डॉ. एडवर्ड लिव्हिंगस्टन ट्रुडो हे सॅरॅनॅक लेक या आडगावचे डॉक्टर, आणि स्वतः क्षयरोगी. १८६५मध्ये भाऊ याच रोगाने गेला. त्याची शुश्रूषा ट्रुडोंनी केली ती खिडक्या घट्ट लावून, कारण डॉक्टरांचा तसा हुकूमच होता! १८७३मध्ये त्यांनाही क्षय निघाला. आवडत्या रानात चार दिवस काढावेत म्हणून डोंगरात आले, आणि तगले.

१८८२मध्ये जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवून दिला. ट्रुडोंना जर्मन येईना. एका मित्राने कॉख यांच्या निबंधाचं भाषांतर नाताळची भेट म्हणून दिलं. ते वाचून त्यांनी घरीच जंतू वाढवायला घेतले. या जंतूला शरीराइतकी ऊब सतत लागते आणि तिथला हिवाळा हाडं गोठवणारा. एकात एक बसवलेली लाकडी खोकी आणि खाली रॉकेलचा दिवा, हे त्यांचं उबवणयंत्र.

तळघरातले चार ससे तीन महिन्यांत मेले. पाचव्यालाही रोग झालेला होता. खड्ड्यातले खंगले, पण क्षय एकालाही नाही. बेटावरचा एक दगावला, चार धडधाकट राहिले. म्हणजे नुसत्या हलाखीने क्षय होत नाही, त्याला जंतू लागतो. पण जंतू शिरला तरी पुढचं बरंचसं शरीराच्या ताकदीवर ठरतं. त्याच वर्षी फिलाडेल्फियात डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी फेब्रुवारी १८८७मध्ये पुण्यात क्षयानेच गेल्या. जंतू सापडला होता, औषध कुणाकडेच नव्हतं.

प्रयोग देखणा खरा, पण पंधराच सशांचा. शिवाय बेटावर उजेड, हवा, हालचाल आणि पोटभर चारा हे सगळं एकदमच मिळालं. तारलं कशाने, हे कळायला मार्ग नाही. लोकांनी त्यातली हवा तेवढी उचलली, असं मला वाटतं. ट्रुडोंनी १८८५मध्ये गिरणीकामगार असलेल्या दोन बहिणींपासून आपलं सॅनेटोरियम सुरू केलंच होतं. पुढे सॅरॅनॅक लेकमध्ये घरोघरी रुग्णांसाठी व्हरांडे निघाले. आपल्याकडे पाचगणी आणि मिरजेजवळची वानलेसवाडी त्याच वाटेने गेली.

हवेचा हिशेब मद्रासने चुकता केला, क्षयावर औषधं आल्यानंतर. तिथल्या रुग्णांपैकी काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना दाटीवाटीच्या घरांतच, औषधं दोघांना तीच. १९५९मध्ये निष्कर्ष आले: घरचे रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाले होते, तेही निकृष्ट आहारावर. ट्रुडोंचं सॅनेटोरियम १९५४मध्येच बंद पडलं होतं.

चाऱ्याचा प्रश्न मात्र उरला होता. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात क्षयरुग्णांच्या घरच्यांना दरमहा तांदूळ आणि डाळ देऊन पाहिली. २०२३मध्ये आकडे प्रसिद्ध झाले. ज्या घरांत हा शिधा पोचला, तिथे नव्याने क्षय होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी भरलं.